बटण दाबा, थांबा, मग बोला

आजचा विषय धंद्याचा आहे, पण त्याची मुळं फौजेत आहेत, म्हणून त्यावर बोलायचं धाडस करतो. बडोद्याच्या एका मराठी वाहतूक व्यावसायिकाने विचारलंय : "माझ्या चौदा गाड्या आहेत, दोन गोदामं आहेत आणि एका बांधकाम साइटवर क्रेनचं काम घेतलंय. दिवसभर फोनाफोनी करून जीव जातो. सगळ्यांना वॉकीटॉकी द्यावी, की मोबाइलमध्येच ते बटण दाबून बोलायचं अ‍ॅप टाकावं?"

या प्रश्नाचे दोन भाग पडतात. एक, यंत्र कोणतं घ्यायचं. दोन, त्या यंत्रात बोलायचं कसं. पहिल्याचं उत्तर कोणताही दुकानदार देईल, थोडं जास्तच देईल. दुसऱ्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि माणसं दगावतात ती बहुतेक वेळा दुसऱ्यामुळे. म्हणून यंत्राचं आधी उरकून घेऊ.

फोन ही दोन माणसांची गोष्ट. नंबर शोधा, लावा, रिंग जाऊ द्या, समोरचा उचलेल, "हॅलो, बोला" म्हणेल, मग तुमचं काम. सगळं सुरळीत झालं तरी पंधरा-वीस सेकंद जातात. तीच गोष्ट दहा जणांना सांगायची तर दहा फोन, त्यात दोघे उचलत नाहीत, एकाचा बिझी. शेवटच्या माणसापर्यंत बातमी जाईतो पहिल्याची परिस्थिती बदललेली असते. बटण दाबून बोलण्यात हे सगळं गळून पडतं. बटण दाबलं की तुमचा आवाज त्या गटातल्या प्रत्येकाच्या सेटमधून थेट बाहेर येतो, कोणाला काही उचलावं लागत नाही. बदल्यात एक गोष्ट सोडावी लागते : एका वेळी एकच बोलणार, बाकीचे ऐकणार. फौजेत अशा गटाला आम्ही 'नेट' म्हणतो. तोच शब्द इथे वापरतो. तुम्ही इंटरनेट समजू नका.

ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात रुळली. अमेरिकी सैन्यासाठी गॅल्व्हिन नावाच्या कंपनीने, म्हणजे पुढच्या मोटोरोलाने, पाठीवर बांधायचा एससीआर-३०० नावाचा सेट बनवला. वजन साधारण सोळा किलो, पल्ला पाचएक किलोमीटर. 'वॉकीटॉकी' हे नाव या पाठीवरच्या सेटचं होतं. हातात धरायचा छोटा सेट वेगळा होता, त्याला 'हँडीटॉकी' म्हणत. आज आपण हातातल्यालाच वॉकीटॉकी म्हणतो, ते असू द्या. धंद्यात ही चीज मोठ्या प्रमाणावर आणली ती अमेरिकेतल्या नेक्स्टेल कंपनीने, १९९०च्या दशकात. फोनच्याच कडेला एक बटण, दाबलं की चिमणीसारखा आवाज येऊन थेट बोलणं सुरू. बांधकामाचे कंत्राटदार, प्लंबर, ट्रकवाले यांनी ती सेवा डोक्यावर घेतली. पुढे नेक्स्टेल दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि ते जुनं नेटवर्क २०१३ साली बंद पडलं. तोवर स्मार्टफोन आले होते, आणि तेच बटण अ‍ॅपच्या रूपाने पडद्यावर आलं.

आज तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत.

पहिला, खरा रेडिओ. एका सेटमधून निघालेली लहर सरळ दुसऱ्या सेटमध्ये जाते. मध्ये टॉवर नाही, सर्व्हर नाही, रिचार्ज नाही. शहर बुडालं, वीज गेली, मोबाइल मेला तरी हे दोन सेट बोलतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत मोबाइलची काय अवस्था झाली ते तिथे अडकलेल्या कोणालाही विचारा. रेल्वेत लोको पायलट आणि गार्ड, ज्यांना आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, यांच्याकडे अजूनही वॉकीटॉकी असतो, तो उगीच नाही. पण पल्ला मर्यादित. खोक्यावर दहा किलोमीटर लिहिलेलं असतं, ते दोन डोंगरांच्या माथ्यांवर उभं राहून मोजलेलं असतं असं समजा. काँक्रीट आणि लोखंडाच्या जंगलात हातातल्या छोट्या सेटकडून अर्धा-एक किलोमीटर धरून चाला, तळघरात त्याहून कमी. आणि कृपा करून सेट अँटेनाला धरून उचलू नका. अर्धी माणसं तसंच करतात आणि मग रेंजच्या नावाने ओरडतात.

रेडिओचा दुसरा मुद्दा कायद्याचा. आपल्याकडे लहरी सरकारच्या ताब्यात आहेत. शक्तिशाली सेट वापरायचा तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन शाखेकडून, म्हणजे डब्ल्यूपीसीकडून, परवाना आणि ठरवून दिलेली फ्रिक्वेन्सी घ्यावी लागते. अपवाद आहे तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या छोट्या पट्ट्याचा. तिथे कमी शक्तीचे सेट विनापरवाना चालतात, मात्र त्या मॉडेलला सरकारची इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, म्हणजे ईटीए, असली पाहिजे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे अनेक सेट वाटेल त्या फ्रिक्वेन्सीवर लावता येतात, पोलिसांच्यासुद्धा. म्हणूनच २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारांना नोटिसा दिल्या आणि वॉकीटॉकीच्या विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विकणाऱ्याने फ्रिक्वेन्सी आणि ईटीए दाखवलं नाही तर घेऊ नका. कोणी सांगेल, हॅम रेडिओचा परवाना काढा आणि बोला. हॅम ही उत्तम विद्या आहे. २००४च्या त्सुनामीत अंदमानातून बातम्या बाहेर आणण्यात हॅम मंडळींचा मोठा वाटा होता. पण हॅमवर धंद्याचं बोलणं चालत नाही. तो रस्ता सोडा.

दुसरा रस्ता, ट्रंकिंग सेवा. एखादी परवानाधारक कंपनी शहरभर आपले मनोरे उभारते आणि तुम्ही महिन्याचे पैसे देऊन त्यांचे सेट वापरता. जिथे ती सेवा आहे तिथे चांगली आहे. सगळीकडे नाही, म्हणून पुढे जाऊ.

तिसरा, मोबाइलवरचं अ‍ॅप. तुम्ही बोललात की फोन आवाजाचे बारीक तुकडे करून सर्व्हरकडे पाठवतो, सर्व्हर ते गटातल्या सगळ्यांना वाटतो. पल्ल्याचा प्रश्नच नाही, बडोद्यातून भिवंडीतल्या गोदामात बोला. डेटाही फार लागत नाही. सोळा किलोबिटने आवाज गेला तर सेकंदाला दोन किलोबाइट, मिनिटाला १२०. दिवसभरात शंभर मिनिटं खरोखर बोलणं झालं तर बारा एमबी, वरचा पसारा धरून पंचवीस म्हणा. तुमचा क्लीनर व्हिडिओ पाहण्यात त्याच्या कितीतरी पट घालवतो. झेलो हे यातलं जुनं नाव. २०१७च्या हार्वी वादळात टेक्सासमध्ये स्वयंसेवक नाववाल्यांनी बचावकामासाठी ते वापरलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या टीम्समध्येही वॉकीटॉकीची सोय आहे.

अ‍ॅपची खरी अडचण जाहिरातीत सापडत नाही. ती आहे बॅटरी वाचवण्याची. स्वस्त अँड्रॉइड फोन पडद्यामागे चालणारी अ‍ॅप स्वतःहून झोपवून टाकतो. फोन खिशात, पडदा बंद, तासभर शांतता, आणि मग तुमचा आवाज त्या माणसापर्यंत पोहोचतच नाही. तुम्हाला वाटतं त्याने ऐकलं. म्हणून प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढावं लागतं, आणि अपडेट आल्यावर पुन्हा तपासावं लागतं. हे काम एका माणसाच्या अंगावर टाका, नाहीतर होत नाही.

आता एक फरक समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दोघांनी एकदम बटण दाबलं तर काय होतं? अ‍ॅपमध्ये सर्व्हर पंच असतो, पहिल्याला परवानगी देतो, दुसऱ्याला नकाराचा आवाज ऐकवतो. साध्या रेडिओवर पंच नाही. आपल्या हातातले सेट एफएम पद्धतीचे, त्यात ज्याची लहर जोरकस तो ऐकू येतो आणि दुसरा पार पुसला जातो. पुसला गेलेल्या माणसाला ते कळत नाही. तो आपलं वाक्य पूर्ण करतो, बटण सोडतो आणि समजतो की सांगून झालं. विमानांचे रेडिओ एएम पद्धतीचे. तिथे दोन आवाज आदळले की नुसती शिट्टी ऐकू येते.

अशा एका शिट्टीची किंमत ५८३ माणसं आहे. २७ मार्च १९७७, स्पेनच्या तेनेरीफ बेटावरचा लॉस रोदेओस विमानतळ. दाट धुकं. धावपट्टीच्या एका टोकाला केएलएमचं जंबो जेट उडायच्या तयारीत, आणि त्याच धावपट्टीवरून पॅन अ‍ॅमचं जंबो अजून चालत पुढे येतंय. नियंत्रकाने केएलएमला उडाल्यानंतरचा मार्ग सांगितला, उडायची परवानगी दिली नव्हती. केएलएमच्या सहवैमानिकाने तो मार्ग परत म्हणून दाखवला आणि शेवटी जे जोडलं त्याचा अर्थ "आम्ही टेक-ऑफच्या जागी आहोत" असाही होत होता आणि "आम्ही टेक-ऑफ करतोय" असाही. नियंत्रक म्हणाला "ओके", क्षणभर थांबला, आणि पुढे "थांबा, मी सांगेन" अशा अर्थाचं बोलला. नेमकं त्याच वेळी पॅन अ‍ॅमचा वैमानिक सांगत होता की आम्ही अजून धावपट्टीवर आहोत. दोन्ही वाक्यं एकमेकांवर आदळली. केएलएमच्या कॉकपिटमध्ये "ओके" स्पष्ट गेलं आणि जीव वाचवणारी दोन्ही वाक्यं बरीचशी शिट्टीत बुडाली. धुकं, वैमानिकाची घाई, विमानतळावरची गर्दी, कारणं अनेक होती. पण त्यानंतर जगभरच्या विमानसेवेने आपली भाषा बदलली. "टेक-ऑफ" हा शब्द आता परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारतात, एरवी "डिपार्चर" म्हणतात. आणि महत्त्वाच्या सूचनेला नुसतं "ओके" म्हणून भागत नाही, ती सूचना परत म्हणून दाखवावी लागते.

तुमच्या साइटवर जंबो जेट नाही, पण क्रेन आहे. क्रेनचालकाला वर केबिनमध्ये बसून खालचा माल दिसत नाही. खाली रिगर उभा आहे, त्याच्या हातात सेट. आता मराठीतला एक साधा हुकूम घ्या : "माल खाली सोडू नका." बोलणाऱ्याने घाईत बटण अर्धा सेकंद आधी सोडलं तर वर काय ऐकू जाईल? "माल खाली सोडू". मराठीत नकार शेवटी येतो. गुजरातीतला "नहीं" शेवटी, कन्नडमधला "बेड" शेवटी, तेलुगूतला "वद्दु" शेवटी. हिंदीत उलटं आहे. घाईच्या हुकमात "मत छोड़ो" म्हणतात, नकार आधी. आणि बटण पुरतं दाबलं जायच्या आत बोलायला सुरुवात केली की पहिलाच शब्द खाल्ला जातो, उरतं "छोड़ो". म्हणजे बटण उशिरा दाबलं तर हिंदीतला जीव जातो आणि लवकर सोडलं तर मराठीतला. हे फौजेत आम्ही पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचो : दाबा, मनात एक मोजा, मग बोला, वाक्य संपवा, पुन्हा एक मोजा, मग सोडा. अ‍ॅपमध्ये तर हे जास्तच गरजेचं, कारण सर्व्हरची परवानगी येईपर्यंत वेळ जातो. पोलीस-अग्निशमनासाठी मोबाइल नेटवर्कवरच्या बटण-संभाषणाचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात ही परवानगी ३०० मिलिसेकंदांच्या आत मिळावी असं लक्ष्य ठेवलंय. तुमच्या साध्या फोनवर रेंज कमी असेल तर त्याहून जास्त लागतो. "बीप" ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

पण नुसत्या सवयीवर विसंबू नका. धोक्याच्या हुकमातून नकारच काढून टाका. "गेट उघडू नका" ऐवजी "गेट बंद ठेवा". "माल सोडू नका" ऐवजी "माल धरून ठेवा". शब्द अर्धा तुटला तरी उलटा अर्थ होऊ नये, एवढी एकच कसोटी लावा. आपल्याकडच्या खलाशांनी हे फार पूर्वी सोडवलंय. माल वर घ्यायला "हाबेस" आणि खाली सोडायला "आरिया", हे शब्द बंदरांतून बांधकामावर आले आणि आजही देशभरच्या क्रेनवर ऐकू येतात. उच्चार जागेगणिक थोडा बदलतो. "आरिया"चं मूळ पोर्तुगीजमध्ये आहे. दोन्ही शब्दांत एक अक्षर सारखं नाही, नकार नाही, आणि बिहारी, तमिळ, मराठी, सगळ्यांना तेच कळतात. तुमच्या साइटवर ते रूढ असतील तर इंग्रजी शिकवायच्या नादात मोडू नका.

अमेरिकेच्या क्रेनविषयक सुरक्षा नियमांत तीन गोष्टी लिहिल्या आहेत त्या मला पटतात. चालक आणि इशारा देणारा यांना जी भाषा वापरायची ती दोघांनाही नीट आली पाहिजे. काम सुरू होण्याआधी शब्द ठरवून घ्यायचे. आणि बोलणं तुटलं की क्रेन सुरक्षितपणे थांबवायची. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. रिगरने "खाली, खाली, खाली" म्हणत राहायचं, तो आवाज येतोय तोवरच माल खाली जाणार. आवाज बंद झाला, बॅटरी गेली, कोणी मध्ये बोललं, तर हात थांबला पाहिजे. क्रेनचं चॅनेलही वेगळं ठेवा. त्यावर चहाची ऑर्डर चालणार नाही.

थांबवायचा शब्द मात्र सगळ्यांचा. हुकूम एकानेच द्यायचा, पण "स्टॉप" कोणीही म्हणू शकतो, झाडूवालीसुद्धा, आणि ते ऐकल्यावर कारण न विचारता थांबायचं. "स्टॉप" घ्या, "थांबा" घ्या, "रुको" घ्या, पण एकच घ्या. आणि तो शब्द एरवी नेटवर वापरायचा नाही. "मी बस स्टॉपवर आहे" असं बोलण्याला तिथे बंदी.

आता "ओके". आपल्या लोकांचं हे लाडकं उत्तर. "ओके सर, ओके ओके." त्याचा अर्थ ऐकलं, की मान्य आहे, की करतो, की करून झालं? तेनेरीफला तोच शब्द नडला. फौजेत त्यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. "रॉजर" म्हणजे तुमचा निरोप मिळाला, एवढंच. करीन असं त्यात नाही. करीन म्हणायचं तर "विल्को". सिनेमात "रॉजर" म्हणून नायक गोळ्या झाडायला धावतो, त्याचा भरवसा नाही. सिनेमातलं "ओव्हर अँड आउट" तर निव्वळ विनोद आहे. "ओव्हर" म्हणजे माझं बोलून झालं, आता तू बोल. "आउट" म्हणजे संभाषण संपलं, उत्तर नको. दोन्ही एकदम म्हणणं म्हणजे पाहुण्याला बसा-निघा म्हणणं. तुम्हाला इंग्रजी शब्द हवेतच असं नाही. "मिळालं", "करतो", "झालं" हे तीन मराठी शब्द पुरतात. हिंदी गटात "मिला", "करता हूँ", "हो गया". मात्र गेटवरचा माणूस "मिळालं" म्हणाला की कंट्रोलने "झालं" येईपर्यंत ते काम उघडंच धरायचं.

आकड्यांवर थोडा वेळ देतो, कारण पैसा तिथे बुडतो. "सात" आणि "साठ" सेटवर म्हणून बघा. खरखरीत दोन्ही एकच. सात गोणी उतरवायच्या तिथे साठ उतरल्या की ओरडून उपयोग नाही. "एकोणसाठ" आणि "एकोणसत्तर" यांचा पहिला अर्धा भाग तोच, आणि हिंदीतले "उनसठ", "उनहत्तर", "उन्यासी" हिंदी माणसालाही बोटं मोजायला लावतात. दक्षिणेतला सहकारी असेल तर गोंधळ वेगळाच. कन्नड, तेलुगूत दशक आधी येतं, "वीस-पाच" असं. आपल्या "पंचवीस"मध्ये पाच आधी. त्यामुळे नवं नवं मराठी किंवा हिंदी शिकलेला माणूस पंचवीसचे बावन्न करून बसतो. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" असं छापलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! शाळेत काय शिकवावं ते शिक्षणतज्ज्ञांनी बघावं, पण सेटवर बोलायचं तर तो वाददेखील नको. अंक सुटे बोला. पंचवीस नाही, "दोन, पाच". गाडीचा नंबर, गेटचा नंबर, गोणींची संख्या, सगळं सुटं, आणि ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं. अक्षरांचंही तेच. बी, डी, पी, टी, व्ही सेटवर सख्खी भावंडं वाटतात. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही माला १९५६ पासून जगभर चालते. सव्वीस शब्द आहेत, ड्रायव्हर दोन दिवसांत शिकतो.

बोलावण्याची रीत छोटी आहे. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं : "क्रेन दोन, इथे गेट एक." आपलं नाव कानावर पडलं की माणूस जागा होतो आणि पुढचं नीट ऐकतो. नावं माणसांची ठेवू नका, कामाची ठेवा. पाळी बदलली तरी "गेट एक" तोच राहतो, आणि तुमच्याकडे पाटील किंवा पटेल किती आहेत ते मोजत बसावं लागत नाही. एका जागेला "कंट्रोल" करा. दोघे एकदम बोलले तर कोण आधी ते कंट्रोल ठरवेल. दोन निरोप अडले तर क्रेनचा आधी, हिशोबाचा नंतर.

काय सेटवर बोलायचं नाही तेही ठरवा. पुढच्या मिनिटाभरात कळायलाच हवं ते सेटवर. पत्ता, बिल नंबर, मालाची यादी लिहून पाठवा, ती नंतर पुन्हा पाहता येते. व्हॉट्सअ‍ॅपचा आवाजी निरोप हे बोललेलं पत्र आहे, माणूस सवडीने ऐकतो, त्यावर कोणाला थांबवता येत नाही. आणि कोणाला झापायचं असेल तर बाजूला बोलावा किंवा फोन करा. नेटवर झापलं की चौदा ड्रायव्हर, दोन गोदामं आणि समोर उभं असलेलं गिऱ्हाईक, सगळे ऐकतात. त्या माणसाला पुढच्या वेळी काही बिघडलं तर तो बटण दाबणार नाही, लपवील. मग तुमची सगळी यंत्रणा गेली. मालक लोक हे ऐकून हसतात, पण नेट मुका पडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण मी पाहिलंय.

चालत्या गाडीचं एक. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात धरायचं संपर्कसाधन वापरणं धोकादायक वाहन चालवण्यात धरलंय. दंड एक हजारापासून पाच हजारांपर्यंत, तुरुंगवासही होऊ शकतो. पण दंड राहू द्या, बटणाचा मोह फोनपेक्षा जास्त आहे, कारण आवाज आपोआप गाडीत घुसतो आणि मालकाचा आवाज आला की हात जातोच. म्हणून बंधन ड्रायव्हरवर नको, बोलणाऱ्यावर घाला. चालत्या गाडीला उत्तर मागायचं नाही. "गाडी चार, थांबल्यावर कळव", एवढंच, आणि मग गप्प बसायचं. तो ढाब्यावर थांबेल तेव्हा बोलेल.

अनेक अ‍ॅप माणूस कुठे आहे ते नकाशावर दाखवतात आणि सगळं बोलणं साठवतात. अपघातानंतर ते उपयोगी पडतं. पण आपलं बोलणं साठवलं जातंय हे कामगाराला आधी सांगा, त्याच्या भाषेत, लेखी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झालाय, आवाज आणि ठिकाण ही त्या माणसाची माहिती आहे. आणि पाळी संपली की त्याला नेटमधून बाहेर पडू द्या. रात्री जेवताना खिशातून साहेबांचा आवाज यायला लागला की माणूस तिसऱ्या दिवशी आवाज शून्यावर नेतो, मग सकाळी वाढवायला विसरतो.

तर बडोदेकरांना सांगायचं ते असं. चौदा गाड्या आणि दोन गोदामं यांना अ‍ॅप द्या, रेडिओचा पल्ला तिथे पुरणार नाही. साइटवर क्रेन आणि रिगर यांना विनापरवाना पट्ट्यातले, ईटीए असलेले रेडिओ घ्या, अ‍ॅपवर क्रेन चालवू नका. आधी एक दिवस दोन सेट भाड्याने किंवा उसने आणून साइटच्या चारही कोपऱ्यांत आणि तळघरात बोलून बघा, मग पैसे टाका. प्रत्येक सेटला एक जास्तीची बॅटरी. पहिला आठवडा जुने फोन चालूच ठेवा. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी कंट्रोलने एकेकाला हाक मारायची, प्रत्येकाने "मिळालं" म्हणायचं. जो बोलला नाही त्याचा फोन झोपलाय किंवा तो स्वतः झोपलाय, दोन्हीचा शोध तिथेच घ्यायचा. आणि महिन्यातून एकदा न सांगता डेटा बंद करून बघायचं की गाड्या काय करतात. त्यासाठी कागदावर दोन ओळी आधी लिहून गाडीत चिकटवा : नेट गेलं तर कुठल्या पंपावर थांबायचं, आणि तिथून कोणाच्या नंबरवर साधा फोन लावायचा.